फुलीची बाजू

माझ्या अंड्यांना कोणीतरी हात लावत होतं.

हे मी घरात मोठ्याने बोललो असतो तर ताईने त्यावर आठवडाभर करमणूक करून घेतली असती, म्हणून गप्प बसलो. पण गोष्ट खरी होती. सकाळी मी पेटीतलं एकूण एक अंडं फुली वर करून ठेवलेलं. संध्याकाळी काचेतून डोकावलो तर सगळे गोळे. एक फुली दिसेल तर शपथ.

आधी पेटीचं सांगतो. थर्माकोलचा मोठा खोका, औषधाच्या दुकानातून फुकट आणलेला. त्याच्या तोंडाला चारी बाजूंनी प्लायवुडची पट्टी, वर प्लायवुडचं झाकण, झाकणात जुन्या फोटोफ्रेमची काच. आत बल्ब, कॉम्प्युटरमधला छोटा पंखा, पाण्याची वाटी, थर्मामीटर. आणि थर्मोस्टॅट. तो म्हणजे बल्बचा मुकादम. त्याची वायर पट्टीतल्या भोकातून आत जाते, टोकाला सेन्सर लोंबतो. आत साडेसदतीसच्या वर गेलं की बल्ब बंद, खाली आलं की चालू. कोंबडीचं सगळं काम एवढ्यात भागतं, एक सोडून. कोंबडी दिवसभर चोचीने अंडी उलटसुलट करत असते. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं तर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं आणि मरतं. पेटीत कोंबडी नाही, म्हणून तिच्या जागी मी. सकाळ-संध्याकाळ झाकण उघडायचं आणि एकेक अंडं फिरवायचं. कुठलं फिरवलं, कुठलं राहिलं ते कळावं म्हणून एका बाजूला पेन्सिलने फुली, दुसऱ्या बाजूला गोळा.

हे सगळं मी व्हिडिओ बघून शिकलो. कोणी शिकवलं नाही, कोणाला विचारलं नाही.

तर गोळे. मला वाटलं, आपणच सकाळी विसरलो असू. माणूस आहे, झोपेत असतो. मी अंडी परत फिरवली, फुली वर केली, जेवलो, झोपलो. सकाळी उठून बघतो तर परत गोळे.

आता झोपेत मी चालतो का, हा एक प्रश्न होता. आईला आडून विचारलं. ती म्हणाली, तू जागेपणी चालत नाहीस, झोपेत कुठे जाणार.

संशय का आला ते कळायला घराची रचना कळली पाहिजे. पुढे दुकान, मध्ये कटिंगची खोली, मागे आम्ही. बाबा टेलर. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. इन्व्हर्टरची लाइन फक्त कटिंगच्या खोलीत आहे, म्हणून माझी पेटी कटिंग टेबलाखालच्या फळीवर. म्हणजे दिवसभर बाबा टेबलाशी उभे, कापड कापत, आणि त्यांच्या गुडघ्याशी माझी अंडी.

आणि दुकानात दोन मशीनं. एक बाबांचं. दुसऱ्यावरचा कारागीर जास्त पगाराच्या नोकरीला गेला आणि तेव्हापासून ते मशीन कव्हर घालून उभं होतं, आणि बाबांचा डोळा माझ्यावर. मला शिलाई येते. पायजम्याची नाडीपट्टी, पॅन्टची उंची कमी करणं, एवढं हातातलं. पण मला ते करायचं नव्हतं. मला पिल्लं काढायची होती. गावठी कोंबडीची पिल्लं लोक मागतात आणि मिळत नाहीत, मी चौकशी केली होती.

पहिली खेप वाया गेली होती. नुसती वाया नाही, वाजत गाजत. एक गृहस्थ नव्या कोटाची ट्रायल घेत आरशासमोर उभे होते आणि आतल्या खोलीत माझं एक अंडं फुटलं. फुटलं म्हणजे फटाक्यासारखं. मग वास. गिऱ्हाईक एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने कोट काढायला बघत होतं, बाही अडकली, बाबांनी ओढून काढली. आईने उरलेली अंडी बादलीत भरली आणि अंघोळ केली.

त्या दिवशी जेवताना बाबा ताटाकडे बघत बोलले, "अजून एक खेप. पिल्लं निघाली तर पेटी राहील. नाही निघाली तर पेटी माळ्यावर आणि तू मशीनवर."

बस. एवढंच. बाबा कमीच बोलतात. दिवसभर तोंडात टाचण्या धरून त्यांना ओठ मिटून राहायची सवय लागलीय.

ही दुसरी खेप. आता कळलं ना, अंड्यांना हात लागतोय म्हटल्यावर माझ्या पोटात का गोळा आला. हा गोळा वेगळा.

मी तपास सुरू केला. झाकण आणि खोका यांच्यामध्ये राखाडी दोरा चिकटवला. टेलरच्या घरात दोऱ्याला तोटा नाही. संध्याकाळी दोरा तुटलेला, गोळे वर. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गोळे वर ठेवून गेलो. दोरा जसाच्या तसा. तिसऱ्या दिवशी फुली. दोरा तुटलेला, गोळे वर.

म्हणजे जो कोणी होता त्याला फक्त फुली नको होती. गोळा असला की तो हात लावायचा नाही. मी यावर एक अख्खी दुपार विचार केला आणि मग उलगडा झाला. अंडी एकाच कुशीवर ठेवणं चाललं होतं. एकाच कुशीवर राहिलं की पिल्लू चिकटून मरतं, हे घरात कोणाला माहीत होतं? सगळ्यांना. जेवताना मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलेलं.

म्हणजे माझ्याच तोंडाने मी मारेकऱ्याला हत्यार दिलं होतं.

मग खडू. टेलरचा निळा खडू किसून झाकणाच्या कडेला भुरभुरला, म्हणजे ज्याची बोटं निळी तो चोर. संध्याकाळी बघितलं तर बाबांची बोटं निळी. ताईची निळी. आईच्या पदराला निळं. माझ्याही नाकावर निळं होतं, ते ताईने दाखवलं. गिरणीत पिठाचा चोर शोधायला निघालेला माणूस मी.

ताईवर संशय होता, लपवत नाही. ती काज-बटणं, हुक, हात-शिलाई बघते आणि कारागीर गेल्यापासून तिच्यावर कामाचा ढीग. मी मशीनवर बसलो तर तिचा भार हलका. शिवाय दुपारी बाबा मागे आडवे झाले की ती पुढे दुकानात एकटी काहीतरी करायची. मी गेलो की उठायची. एकदा मी त्या बंद मशीनचं कव्हर उचलून बघितलं तर सुईत जांभळा दोरा. कारागीर गेला तेव्हा पांढरा होता, मला नीट आठवतंय. काय चाललंय, विचारलं. ती म्हणाली, "तुझी अंडी शिवून टाकणारे. फुटायला नकोत."

आईवर संशय घ्यायला जीव होत नव्हता, पण पहिल्या खेपेचा वास तिच्या नाकातून अजून गेला नव्हता. ती पेटीजवळून जाताना पदर नाकाला लावायची, आत सगळं ताजं असतानाही.

आणि बाबा. खरं तर बाबाच. सगळ्यात जास्त वेळ त्या खोलीत तेच. सगळ्यात जास्त फायदा त्यांचाच. पण बापावर संशय घेणं म्हणजे स्वतःच्या ताटात थुंकणं. म्हणून मी त्यांना यादीत सगळ्यात खाली ठेवलं आणि सगळ्यात जास्त नजर त्यांच्यावरच ठेवली.

जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, पेटी कोणी उघडली होती का, आत जरा गार वाटलं. आई म्हणाली, मी त्या पेटीला पाय लावणार नाही, हात लांब राहिला. ताई म्हणाली, "तू बसलेला असतोस ना त्याच्यावर दिवसभर, खुडूक. तू उठशील तेव्हा आम्ही उघडू."

खुडूक हे माझं नवीन नाव होतं. कोंबडी अंडी द्यायची बंद करून नुसती उबवत बसते, जागची हलत नाही, कोणी जवळ गेलं की फुगून अंगावर येते, ती खुडूक. घरात बसून काही कमवत नाही आणि चिडतो, म्हणून मी. नाव इतकं चपखल होतं की गिऱ्हाइकंही वापरायला लागली होती. "मास्तर, तुमचा खुडूक दिसत नाही आज."

बाबांनी पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला आणि उठता उठता म्हणाले, "आधी नीट ठेवायला शीक. रोज उलटी असतात."

हा टोमणा मला लागला. माझं सगळंच उलटं असतं, हे ते वर्षानुवर्षं न बोलता बोलत आलेत, आज बोलून बोलले. त्या रात्रीपासून यादीत त्यांचा नंबर वर गेला.

अंडी मी आणली होती अंडीवाल्या मावशीकडून. ती रस्त्याच्या टोकाला राहते, मागे मोठं अंगण, अंगणभर कोंबड्या. मी तिच्याकडे अंड्यांपेक्षा जास्त बोलायला जायचो. तिला सांगितलं, घरातलं कोणीतरी माझी अंडी फिरवतंय, मारायला. तिने माझ्याकडे बघितलं, जशी ती रोगट कोंबडीकडे बघते.

म्हणाली, तिच्या खुराड्यात एकदा दोन खुडूक एकाच घरट्यावर बसल्या होत्या. दोघींना वाटायचं अंडी आपली. एक फिरवायची, की दुसरी परत फिरवायची. एकमेकींना टोचून टोचून दोघींची डोकी बोडकी झाली.

मी विचारलं, मग पिल्लं निघाली का.

"ते मला विचारू नकोस. एकीला टोपलीखाली कोंडून ठेवली नि मी त्यांची कटकट मिटवली."

मी गोष्टीतला माझ्या कामाचा तेवढाच भाग उचलला. कोंडून ठेवणं.

घरी येऊन ट्रंकेचं जुनं कुलूप काढलं. खोक्याच्या तोंडाची पट्टी आणि झाकण, दोन्हीला कडी-कोयंडा ठोकला. ठोकला म्हणजे ड्रिलने भोकं पाडून लांब स्क्रू पिळले, आरपार, मागून नट. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी मजबूत केलं. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

आईने विचारलं, घरात कुलूप कोणासाठी. मी म्हटलं, उंदरांसाठी. ताई म्हणाली, हो, आपले उंदीर शिकलेले आहेत, कडी काढतात.

बाबा आत आले. त्यांनी कुलूप बघितलं. मग माझ्या गळ्यातली किल्ली बघितली. तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून काहीतरी बोलतील असं वाटलं, पण त्यांनी कापड पसरलं आणि वाकून रेघा मारायला लागले.

संध्याकाळी फुल्या जागेवर. दुसऱ्या दिवशी सकाळीही जिथे ठेवल्या तिथे. मला एवढा आनंद झाला की काय सांगू, आणि लगेच वाईट वाटलं, कारण कुलूप लावल्यावर थांबतंय म्हणजे घरातलंच कोणीतरी होतं ना. बाहेरचा कोणी येतच नव्हता त्या खोलीत.

आणि मग मी ऐकलं. मी दाराआड होतो. बाबा कटिंग थांबवून, गुडघ्यावर हात ठेवून, काचेतून आत बघत होते. स्वतःशीच म्हणाले, "आज उलटीच राहिली."

हळहळून म्हणाले. मला ते हळहळणं स्पष्ट ऐकू आलं. आज यांचा डाव फसला, म्हणून हळहळतायत, असं मी धरून चाललो. मग संशय राहिला नाही. खात्रीच.

शेवटचे तीन दिवस अंडी फिरवायची नसतात, पिल्लू आत तोंड फिरवून तयार होतं. त्याच्या आदल्या दिवशी मी मावशीकडे पिल्लांचं खाद्य आणि पाण्याचं उथळ भांडं आणायला गेलो. सकाळी फुल्या वर केल्या, कुलूप लावलं, ओढून बघितलं, निघालो. मावशीने चहा दिला, मी पिल्लांना पाणी कसं दाखवायचं वगैरे विचारत बसलो. वेळ गेला.

परत आलो तर दुकानाचं दार अर्धं ओढलेलं. दुपारचं कधी ओढत नाहीत. पुढे कोणी नाही. आत गेलो.

पेटी टेबलावर होती. झाकण बंद, कुलूप जसंच्या तसं. आणि खोक्याच्या एका बाजूची भिंतच नव्हती. थर्माकोल कापलेलं, चौकोनी, सरळ. बल्ब बंद, पंखा बंद. जमिनीवर सगळीकडे थर्माकोलचे पांढरे मणी. बाबा स्टुलावर बसलेले, मांडीवर कात्री. कात्रीच्या पात्यांनाही मणी चिकटलेले. आई दारात, ताई भिंतीला टेकून.

मला जे वाटलं ते कोणालाही वाटलं असतं. निदान त्या वेळी मला तसं वाटलं.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "रोज चोरून उलटवून भागलं नाही, म्हणून आज फाडूनच टाकली. एवढं कशाला करायचं. सरळ सांगायचं होतं बाबा, बस मशीनवर म्हणून. बसलो असतो."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी ते बोलले नाहीत.

ताई बोलली. तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता, त्यात चेष्टा नव्हती. "आधी थर्मामीटर बघ, मूर्खा."

मग तिने सांगितलं. दुपारी बाबा झोपायला म्हणून मागे जात होते, जाताना काचेतून बघितलं. थर्मामीटरला मी एक लाल दोरा बांधलाय, ह्याच्या वर जाता कामा नये म्हणून. पारा त्या दोऱ्याच्या खूप वर होता, आणि बल्ब चालूच. बाबांनी बटण बंद केलं. तरी पारा खाली येईना, कारण थर्माकोल उष्णता सोडत नाही, त्यासाठीच तर मी ते वापरलं होतं. मला फोन लावला. फोन दुकानातच वाजला, बंद मशीनच्या कव्हरवर, मी तिथेच विसरलो होतो. आई म्हणाली काच फोडा. बाबा म्हणाले तुकडे आत पडतील. कोयंडा उपटायला बघितला, तो हलेना. हलणार कसा. आरपार स्क्रू, मागून नट.

मग त्यांनी कात्री घेतली.

ह्या कात्रीचं सांगायला पाहिजे. बाबांच्या उस्तादांनी त्यांना दिलेली, काळ्या मुठीची, उचलली तर मनगट खाली जातं. तिने फक्त कापड कापायचं. कागद लागला तरी धार जाते. लहानपणापासून आम्हाला घरात दोन नियम. खोटं बोलायचं नाही, आणि त्या कात्रीने कागद कापायचा नाही. पहिला नियम जरा ढिला होता.

मी कापलेल्या भिंतीकडे नीट बघितलं. कडेने निळी रेघ होती. खडूची. चारी बाजूंनी पट्टी लावून मारल्यासारखी सरळ. एवढ्या घाईतसुद्धा बाबांनी आधी आखून मग कापलं होतं.

मी किल्ली काढली. कुलूप दोनदा निसटलं. झाकण उघडलं आणि आत सेन्सर बघितला. सेन्सर आत नव्हताच. पट्टीच्या भोकात मागे ओढला गेला होता, अर्धा बाहेर, खोलीच्या गार हवेत. त्याला वाटत होतं पेटी गार आहे, म्हणून तो बल्ब बंदच करत नव्हता. कडी-कोयंड्याचे स्क्रू त्या भोकाच्या बोटभर शेजारी होते. पिळताना वायर सैल झाली असणार, आणि मग हळूहळू वजनाने घसरली.

"स्क्रू मारताना ओढली गेली," मी म्हटलं. कोणी विचारलं नव्हतं.

"हं," बाबा म्हणाले.

मी अंड्यांना हात लावून बघायला लागलो. कोमट होती, गरम नव्हती. वेळेवर उघडली होती. बाबा स्टुलावरून उठून शेजारी येऊन उभे राहिले. आणि माझ्या डोळ्यांसमोर, बोलत नाही काही नाही, त्यांचा हात पुढे आला आणि कडेचं एक अंडं त्यांनी फिरवलं. मग शेजारचं. मग त्याच्या शेजारचं. मान माझ्याकडे, हात आपोआप. फुली खाली, गोळा वर.

"काय करताय?"

"सुलटी करतोय."

"सुलटी म्हणजे?"

"फुली वर आहे ना." लहान पोराला सांगावं तसं सांगितलं.

आणि मला कळलं.

टेलरच्या टेबलावर फुली म्हणजे उलटी बाजू. बरीच कापडं दोन्हीकडून सारखी दिसतात, शिवताना घोटाळा होतो, म्हणून कापड पसरल्या पसरल्या बाबा उलट्या बाजूला खडूने फुली मारतात. फुली वर दिसली की तुकडा उलटा पडलाय, तो उलथायचा, मग पुढचं काम. हे मला चालायला यायच्या आधीपासून माहीत आहे. ह्याच टेबलाखाली मी रांगलोय, फुल्या बघत. आणि मी अंड्यांवर फुली काढताना ते एकदाही मनात आलं नाही, कारण व्हिडिओत फुली होती.

बाबांच्या टेबलाखाली एक पेटीभर उलटा माल रोज पडलेला होता. ते दिवसभर तिथे उभे. ते दुसरं काय करणार.

"मी मुद्दाम ठेवत होतो फुली वर," मी म्हटलं. "सकाळी फुली, संध्याकाळी गोळा. तशी फिरवावी लागतात."

बाबांनी विचार केला. "मला वाटलं, तू घाईत उलटी टाकून जातोस. मी तुला सांगितलं पण होतं."

सांगितलं होतं. रोज उलटी असतात. शब्दशः सांगितलं होतं.

"मग कुलूप लावलंस तेव्हा वाटलं," ते पुढे म्हणाले, "मी हात लावलेला तुला नको असेल." आणि कात्रीवरचे मणी नखाने काढायला लागले.

माफी मागायची पद्धत आमच्याकडे नाही, ती कशी मागतात ते मी व्हिडिओतही बघितलेलं नव्हतं. मी म्हटलं, टॉर्च धरता का. त्यांनी कोटाचं काळं अस्तर उचललं, आम्ही दोघं त्याच्याखाली डोकं घालून उभे राहिलो, आणि मी एक अंडं टॉर्चवर धरलं. आत सगळं काळं भरलेलं, वर हवेची रिकामी जागा. काही हलेना. बाबांचा श्वास माझ्या कानावर येत होता. मग त्या काळ्याची कड जरा सरकली. परत सरकली.

"आहे," बाबा म्हणाले.

अस्तराच्या बाहेरून ताई म्हणाली, "एका घरट्यात दोन खुडूक. आई, बघ गं, ह्यांना आता दाणे टाक."

कापलेली बाजू मी चिकटपट्टीने लावणार होतो. बाबा म्हणाले, राहू दे. कापलेला तुकडा त्यांनी परत तसाच बसवला आणि त्याच्यावरून कॉलरच्या आत घालतात त्या जाड बकरमचा एक पडदा केला, वर चिकटवलेला, खाली उघडता येणारा, त्याला टिचबटणं. दाबलं की बंद, ओढलं की उघडं. कडेला धावदोरा पण घातला, त्याची काही गरज नव्हती. सेन्सर मी तारेने बांधून पक्का केला. कडी-कोयंडा मी स्क्रू काढून घेतला, त्याला बाबांच्या कात्रीपेक्षा जास्त वेळ लागला.

शेवटचे तीन दिवस बाबांना सांगून ठेवलं, आता फिरवायची नाहीत, अजिबात. मी मुद्दाम सगळी गोळा वर करून ठेवली, म्हणजे त्यांना त्रास नको. तरी टेबलाशी उभे असताना त्यांचा हात दोनदा खाली गेलेला मी बघितला. एकदा आईनेही बघितलं आणि "अहो" म्हणाली. तेवढ्याने हात वर आला.

पहिला टवका बाबांनीच बघितला. मी अंघोळीला होतो. त्यांनी दार वाजवलं आणि नुसतं म्हणाले, "चोच." मी साबणासकट बाहेर आलो.

सगळी निघाली नाहीत. निम्म्याहून जास्त निघाली. ओली, मरतुकडी, बघवत नाहीत अशी, आणि मग बल्बखाली वाळून फुगली आणि एवढा गोंगाट सुरू केला की गिऱ्हाइकं ट्रायल सोडून आत डोकवायला लागली. तो कोटवाला माणूस आला होता बटण तुटलं म्हणून, तो लांबच उभा राहिला, पण मान उंच करून बघत होता.

पेटी राहिली. बाबा त्याबद्दल बोलले नाहीत, बोलायचं कारण नव्हतं, जे ठरलं होतं ते ठरलं होतं. कात्री मी स्वतः धार लावणाऱ्याकडे घेऊन गेलो. त्याने पाती बघितली आणि विचारलं, मास्तरांनी हे काय कापलं. मी म्हटलं, माझ्यामुळे कापलं. त्याने जास्त विचारलं नाही.

दुसऱ्या मशीनवर ताई बसते. जांभळा दोरा तिचाच होता. बाबा आडवे झाले की ती रोज दुपारी चिंध्यांवर शिवून हात बसवत होती. मी विचारलं, आधी का नाही बोललीस. ती म्हणाली, "मला विचारलं कोणी? सगळ्यांचे डोळे खुडकावर." बाबांनी तिची शिलाई हातात घेऊन उजेडात धरली, ताणून बघितली आणि कापलेला माल तिच्या बाजूला सरकवला.

पिल्लं मी दुसऱ्या खोक्यात हलवली. पेटीत न फुटलेली अंडी राहिली होती. ठरलेला दिवस उलटून गेला होता, आता त्यातून काही निघणार नाही हे मला माहीत होतं. त्या दुपारच्या उष्णतेने शिजली असतील, किंवा आधीपासूनच रिकामी असतील. फेकायची म्हणून मी त्यांना पेटीच्या एका कोपऱ्यात केलं आणि फुली वर करून ठेवलं, म्हणजे बाद.

सकाळी बघितलं तर कोपऱ्यातली अंडी परत मधोमध, बल्बखाली. सगळे गोळे वर. बकरमच्या पडद्याचं एक टिचबटण लावायचं राहिलेलं.

दोरा तपासला नाही. बाबा पुढे दुकानात कोणाचं तरी माप घेत होते, तोंडात टाचण्या. मी बटण दाबून बंद केलं, वाटीत पाणी ओतलं, आणि बल्ब अजून एक दिवस चालू ठेवला.